विश्लेषण : सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग आधी अमरेलीतच का झाला? सयाजीरावांनी गावशाळा कशा टिकवल्या?

गावातली शाळा सुरू करणे आणि ती टिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा अनुभव महाराष्ट्राला गेल्या काही वर्षांत वारंवार आला. करोनाकाळात शाळांची दारे बंद झाली. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला, तेव्हा पाड्यावरच्या पोराने रोज किती चालायचे, हा वाद रंगला. हेच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसासमोर होते. दुष्काळ होता, प्लेग होता, शिक्षक मिळत नव्हते आणि मुलांना शेतातून सोडायला पालक तयार नव्हते. तरीही बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये दहा गावांपासून सुरुवात करून १९०६ पर्यंत संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. ते कसे जमले, आणि कुठे जमले नाही, याविषयी.

बाराव्या वर्षी श्रीगणेशा?

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे गाव आहे. तिथल्या काशीराव आणि उमाबाई गायकवाड या शेतकरी दाम्पत्याच्या घरी मार्च १८६३ मध्ये गोपाळचा जन्म झाला. घराण्याचे नाव राजघराण्याशी जोडलेले असले, तरी घर नांगरावर चालणारे होते. गोपाळचे शाळेशी नाते जवळपास नव्हतेच.

१८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाड यांना गादीवरून काढले. आधीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाड कुळातल्या मुलांचा शोध घेतला गेला, काही मुलांना बडोद्यात आणण्यात आले आणि त्यांतून गोपाळची निवड झाली. निवडीच्या वेळी मुलांना काय विचारले आणि गोपाळने काय उत्तर दिले, ही गोष्ट शाळकरी पुस्तकांतून बहुतेकांनी वाचलेली असते. ती खरी की रचलेली हे बाजूला ठेवू. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव झाला.

खरी परीक्षा त्यानंतर होती. राजा झालेल्या या मुलाला नीट लिहिता-वाचता येत नव्हते. संस्थानचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते, आणि मुलाला घडवण्याची जबाबदारी एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याकडे आली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्याला एकदम शिकायच्या होत्या. ज्या वयात इतर मुलांची प्राथमिक शाळा संपत आलेली असते, त्या वयात याची पाटी सुरू झाली. सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

हा तपशील चरित्रातला नुसता भावुक प्रसंग नाही. शाळा उशिरा मिळाली म्हणजे काय होते, हे स्वतः भोगलेला राज्यकर्ता त्या काळात दुर्मीळ होता. संस्थानिकांची मुले खासगी शिक्षकांकडे शिकत. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा शाळेपर्यंत का पोहोचत नाही, हे त्यांना कागदोपत्रीच कळे. सयाजीरावांना ते कवळाण्यातून माहीत होते.

सुरुवात कुणापासून झाली?

अधिकार हाती आल्यानंतर लगेचच, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला, अस्पृश्य समाजातल्या मुलांसाठी सरकारी शाळा काढण्यात आल्या. त्या काळच्या कागदपत्रांत त्यांना अंत्यज शाळा म्हटले जाई. कागदावर निर्णय झाला, पण वर्गात उभे राहायला शिक्षक मिळेना. सवर्ण हिंदू शिक्षक तिथे जायला तयार नव्हते. मग मुसलमान शिक्षक नेमावे लागले. मुलांना पाट्या-पुस्तके सरकारातून दिली गेली, वसतिगृहे निघाली. पुढे १९०८ मध्ये पंजाबातून आर्यसमाजी पंडित आत्माराम अमृतसरी यांना बोलावून या शाळांची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवण्यात आली.

शाळांचे व्यवस्थापन म्हणजे काय असते, याचा पहिला धडा बडोदा दरबाराला इथे मिळाला असावा. इमारत आणि पैसा असूनही शाळा अडते ती माणसावर. शिकवणारा गावात राहायला तयार आहे का आणि गाव त्याला राहू देते का, यावर सगळे अवलंबून असते.

गावशाळांचे जाळे वाढवताना शिक्षकाला गावगाड्याचाच एक भाग मानण्याचे धोरण दिसते. ठरावीक संख्येने मुले मिळतील अशा गावात शाळा द्यायची आणि मास्तर हा बाहेरून आलेला सरकारी पाहुणा न राहता पाटील-तलाठ्यासारखा गावचा माणूस व्हावा, अशी त्यामागची कल्पना होती. संस्थानची भाषा मुख्यतः गुजराती, त्यामुळे बहुतेक शाळा गुजराती माध्यमाच्या होत्या. शहरात मराठी शाळा आणि ठिकठिकाणी उर्दू शाळाही होत्या. राजा मराठी आणि दरबारातली मोठमोठी घराणी मराठी असूनही गावच्या मुलाला त्याच्या घरच्या भाषेत शिकवायचे, हा निर्णय आज साधा वाटतो. त्या काळात तो तितका साधा नव्हता.

अमरेलीच का?

बडोदा संस्थान सलग नव्हते. बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार प्रांत गुजरातभर विखुरलेले होते. मधे इंग्रजांचा मुलूख, मधे दुसऱ्या संस्थानांच्या हद्दी. अमरेली तर काठियावाडात, राजधानीपासून दूर आणि पावसाच्या बेभरवशाचा प्रदेश. सक्तीच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग बडोदा शहरात किंवा चरोतरच्या सधन पट्ट्यात करणे सोपे होते. तिथे शिक्षणाची ओढ आधीपासूनच होती आणि आकडे चटकन चांगले दिसले असते. पण १८९३ मध्ये निवड झाली ती अमरेली तालुक्यातल्या दहा गावांची.

या निवडीमागे दरबारी हिशेब काय होता यावर चर्चा होऊ शकते. परिणाम मात्र स्पष्ट होता. जी योजना अमरेलीत तगेल ती कुठेही तगेल. प्रयोग लहान ठेवल्यामुळे फसला तरी खर्च थोडा होणार होता. आणि राजधानीपासून लांब असल्यामुळे रोजच्या दरबारी हस्तक्षेपाशिवाय स्थानिक अधिकाऱ्यांनाच तो चालवावा लागणार होता. गुजराती साहित्यिक हरगोविंददास कांटावाला यांच्यासारखे अधिकारी त्या काळात संस्थानच्या शिक्षण खात्यात होते. सक्तीच्या शिक्षणाची कल्पना त्यांना परकी नव्हती.

काळाचा संदर्भ लक्षात घेतला तर या पावलाचे वजन कळते. खुद्द इंग्लंडमध्ये शाळेत जाण्याची सक्ती १८८० मध्ये आली, आणि प्राथमिक शाळांची फी बहुतांशी रद्द झाली ती १८९१ मध्ये. म्हणजे ब्रिटनच्या पाठोपाठ दोनच वर्षांत काठियावाडातल्या दहा गावांत शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. उलट इंग्रजांच्या ताब्यातल्या हिंदुस्थानात मात्र हा विषय अजून सरकारच्या गावीही नव्हता.

छप्पन्याच्या दुष्काळात प्रयोगाचे काय झाले?

दहा गावांचा हा प्रयोग आठ वर्षे चालला. त्या आठ वर्षांत जे घडले ते कोणतीही योजना मोडून काढायला पुरेसे होते. १८९६ नंतर मुंबई इलाख्यात आणि गुजरातेत प्लेग फिरत होता. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० मध्ये पाऊस गेला. गुजरात-काठियावाडात आजही त्या वर्षाला छप्पनियो काळ म्हणतात. गुरे मेली, माणसे गावे सोडून निघाली. अन्नापाठोपाठ रोगराई आली.

जनगणनेचे दोन आकडे शेजारी ठेवले तरी पुरे. १८९१ मध्ये बडोदा संस्थानची लोकसंख्या २४ लाख १५ हजारांच्या घरात होती. १९०१ मध्ये ती १९ लाख ५३ हजारांवर आली. दर पाच माणसांमागे जवळजवळ एक माणूस कमी. यात मेलेले आले आणि परागंदा झालेलेही आले. संस्थानचा सारा बुडाला आणि तिजोरीवर दुष्काळी कामांचा भार पडला.

अशा वेळी कोणताही हिशेबी दिवाण पहिली कात्री कशाला लावेल? शाळेलाच. मुलांच्या पोटात अन्न नसताना त्यांना पाटीवर अक्षरे गिरवायला लावणे ही थट्टा आहे, हा युक्तिवाद तयारच होता, आणि तो पूर्ण खोटाही म्हणता येणार नाही. पण १९०१ मध्ये, दुष्काळाच्या राखेवरच, अमरेलीचा प्रयोग गुंडाळला गेला नाही. तो दहा गावांवरून सबंध तालुक्यात वाढवण्यात आला. सयाजीरावांच्या शिक्षणकार्यातला सर्वांत धाडसी निर्णय कोणता, असे विचारले तर बहुतेक जण १९०६ च्या कायद्याकडे बोट दाखवतात. पण १९०१ चा निर्णय त्याहून अवघड होता. १९०६ मध्ये परिस्थिती सावरलेली होती.

सक्ती म्हणजे नेमके काय?

पाच वर्षांनी, १९०६ मध्ये, कायदा सगळ्या संस्थानाला लागू झाला. मुलांना साधारण बाराव्या आणि मुलींना दहाव्या वर्षापर्यंत शाळेत पाठवणे पालकांवर बंधनकारक झाले. या मर्यादा पुढे वाढत गेल्या. शाळेत पाठवले नाही तर पालकाला दंड होई. मूल आजारी असेल, घरात सांभाळायला दुसरे कोणी नसेल किंवा शाळा फार लांब असेल, तर सूट मिळे.

या शेवटच्या सवलतीकडे थोडे बारकाईने पाहायला हवे. शाळा लांब असेल तर सक्ती नाही, याचा उलटा अर्थ असा की सक्ती करायची असेल तर शाळा जवळ आणावी लागेल. म्हणजे कायद्याने पालकाला बांधले, तसे सरकारलाही बांधले. आजच्या शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असे अंतर ठरलेले आहे. त्यामागचा विचार हाच.

दंडाची बाजू मात्र कटू होती. शेतमजुराच्या घरात सात-आठ वर्षांचे पोर गुरे राखते, धाकट्या भावंडाला सांभाळते आणि सुगीत वेचणीला जाते. त्याला शाळेत पाठवले तर घरची कमाई घटते आणि न पाठवले तर दंड बसतो. बडोद्यात दंडापोटी दरसाल हजारो रुपये वसूल होत. टीकाकार या रकमेकडे बोट दाखवून विचारत, की ही शिक्षणाची आवड आहे की वरवंटा? प्रश्न रास्त होता. दंड भरू पण मूल पाठवणार नाही, असे ठरवलेली घरेही होती. मुलींच्या बाबतीत विरोध जास्त होता. स्त्री-शिक्षिकांची टंचाई असल्याने तो मोडणेही कठीण जाई.

पण दुसरी बाजूही खरी आहे. सक्ती नसती तर शाळेत कोण आले असते? ज्यांच्या घरात आधीपासून अक्षर होते तेच. इंग्रजी मुलखातली स्थिती याचा पुरावा होती.

आकडे काय सांगतात?

हे आकडे देशासमोर मांडले ते गोपाळ कृष्ण गोखले यांनी. मार्च १९१० मध्ये गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा ठराव आणला, तेव्हा त्यांच्या हातात सर्वांत मोठे हत्यार बडोद्याचे होते. १९०९ मध्ये बडोद्याच्या प्राथमिक शाळांत एक लाख ६५ हजार मुले-मुली होती, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. शाळेच्या वयातल्या मुलांपैकी ७९.६ टक्के शाळेत होते, तर ब्रिटिश मुलखात हे प्रमाण २१.५ टक्के होते. मुलींमध्ये बडोद्याचा आकडा ४७.६ टक्के होता, आणि ब्रिटिश मुलखाचा अवघा ४ टक्के.

खर्चाची तुलना तर अधिकच बोलकी होती. बडोदा प्राथमिक शाळांवर वर्षाला साडेसात लाख रुपयांच्या आसपास खर्च करत होता. माणशी साधारण साडेसहा आणे. इंग्रज सरकार माणशी एक आणा खर्च करत होते. पैसे नाहीत म्हणून सक्तीचे शिक्षण शक्य नाही, हे सरकारचे नेहमीचे उत्तर होते. दुष्काळाने कंबर मोडलेले एक देशी संस्थान सहापट खर्च करू शकते, हे दाखवल्यावर ते उत्तर लंगडे पडले.

तरी गोखल्यांचे विधेयक मंजूर झाले नाही. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधात केवळ सरकारी सभासदच नव्हते, काही हिंदी जमीनदारही होते. गोखले १९१५ मध्ये गेले. पण विषय मेला नाही. १९१७ मध्ये कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. शाहूंच्या पत्नी लक्ष्मीबाई या बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या, त्यामुळे दोन्ही दरबारांत जाणे-येणे होतेच. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. देशभरातल्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळायला मात्र २००२ ची घटनादुरुस्ती आणि त्यानंतर १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला कायदा यावा लागला. अमरेलीच्या दहा गावांनंतर ११७ वर्षांनी.

शिकलेले विसरले जाते तेव्हा?

पटावरचा आकडा वाढला म्हणजे शिक्षण झाले असे नाही, हे बडोद्यात लवकरच कळले. मूल बाराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडे. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र येत नाही आणि वाचायचे असे काही कारणही नाही. चार-पाच वर्षांत तो मुलगा पुन्हा अंगठ्यावर येई. दरसाल लाखो रुपये खर्चून शिकवायचे आणि नंतर ते पाण्यात जाऊ द्यायचे, असा हा उफराटा व्यवहार होता. करोनानंतर शाळेत परतलेली मुले आधी शिकलेले विसरली होती, ही तक्रार आपण सर्वांनी ऐकली. रोग जुनाच आहे.

सयाजीरावांनी काढलेला उपाय शाळेच्या भिंतीबाहेरचा होता. १९०६ च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना त्यांनी बडोद्यात आणले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. महाराजांच्या राजवाड्यातला सुमारे वीस हजार पुस्तकांचा खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया बनला. बायकांसाठी आणि मुलांसाठी तिथे वेगळी दालने निघाली, आणि मुलांच्या दालनात पुस्तकांबरोबर खेळही ठेवले होते. बॉर्डन परतल्यावर हे काम जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसाने पुढे नेले. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयविषयक एक नियतकालिकही १९१२ पासून काही वर्षे निघत होते.

खेड्यांसाठीची रचना अधिक पाहण्यासारखी आहे. गावाला वाचनालय हवे असेल तर गावाने वर्गणी जमवायची. जेवढी गावाने जमवली तेवढी स्थानिक मंडळाने घालायची आणि तेवढीच सरकारने. तीन हात, तीन समान वाटे. फुकट मिळालेल्या कपाटाला गाव कुलूप लावून ठेवते, पण स्वतःच्या खिशातून एक वाटा घातलेल्या वाचनालयाचा हिशेब चावडीवर विचारला जातो. आज अनेक शाळांच्या व्यवस्थापन समित्या फक्त सह्यांपुरत्या उरल्या आहेत. त्यांनी हा एक-तृतीयांशाचा हिशेब जरूर पाहावा.

ज्या गावाची वर्गणीही जमत नसे, त्याच्यासाठी फिरती ग्रंथालये होती. मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरायची, पेटी रेल्वेने पाठवायची आणि काही आठवड्यांनी ती परत बोलावून दुसऱ्या गावाला धाडायची. वाचकाला यात खर्च नव्हता. निरक्षरांना वगळायचे नाही म्हणून चित्रे आणि सिनेमाची यंत्रे गावोगाव फिरवणारी एक शाखाही ग्रंथालय खात्यात होती. चरोतरातल्या वसो गावचे शिक्षक मोतीभाई अमीन यांनी स्वतंत्रपणे वाचनालयांची चळवळ उभी केली होती, आणि या सरकारी यंत्रणेला तिचा मोठा आधार मिळाला.

वाचायला सोपी पुस्तके हवीत म्हणून महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला. त्यातून सयाजी साहित्यमाला आणि बाल ज्ञानमाला या मालिकांत गुजराती-मराठी पुस्तके निघत राहिली.

मर्यादा कोणत्या?

सयाजीरावांचे चरित्र लिहिताना बहुतेक लेखक इथे थांबतात. पण चित्र इतके गुळगुळीत नाही.

महाराज वर्षानुवर्षे परदेशी असत. निद्रानाश आणि प्रकृतीच्या तक्रारी हे त्याचे कारण. १८८७ पासून त्यांच्या युरोपच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि अखेरपर्यंत चालू राहिल्या. राज्य हुकमांवर आणि अहवालांवर चाले. एखादी गोष्ट महाराजांच्या नजरेत असे तोवर अधिकारी धावत, नजर वळली की वेग मंदावे. वरून आलेल्या सुधारणेचा हा दोष आहे आणि बडोदा त्याला अपवाद नव्हता.

त्याहून मोठी मर्यादा जातीची. अंत्यज शाळा निघाल्या, पण त्या वेगळ्याच राहिल्या. त्या बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा निर्णय व्हायला १९३० च्या दशकाची सुरुवात उजाडली, आणि तेव्हाही गावोगाव विरोध झाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या होत्या. या बाबतीत धाकटे संस्थान पुढे गेले.

आणि १९१७ सालचा तो प्रसंग आहेच. सयाजीरावांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला मुंबईत बी.ए. होईपर्यंत दरमहा शिष्यवृत्ती दिली होती. १९१३ मध्ये त्यांनीच त्याला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवले. करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यात आले, तेव्हा शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहात आसरा घेतला, तर तिथूनही हाकलण्यात आले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. अखेर ते मुंबईला परतले. ज्या शहरात अकरा वर्षांपासून प्रत्येक मुलाला शाळा सक्तीची होती, त्याच शहरात हे घडले. शिष्यवृत्ती देणारा महाराज आणि खोली नाकारणारे शहर एकाच संस्थानातले होते.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांना ऑक्सफर्डला जायला प्रवासखर्च मिळाला तोही सयाजीरावांकडूनच. एकेका गुणी माणसाला उचलून धरणे त्यांना सहज साधत होते. समाजाला हलवणे साधत नव्हते, किंवा फार हळू साधत होते. मुलींच्या बाबतीत थोडे वेगळे घडले. त्यांच्या पत्नी चिमणाबाई (दुसऱ्या) यांनी लग्नानंतर शिक्षण घेतले, पडदा सोडला, स्त्रियांच्या स्थितीवर १९११ मध्ये इंग्रजीत सहलेखनाने पुस्तक काढले, आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. त्या परिषदेचा मुख्य विषय मुलींच्या शिक्षणातील सुधारणा हाच होता.

पुढे काय झाले?

सयाजीरावांनी त्रेसष्ट वर्षे गादी सांभाळली. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने विद्यापीठ सुरू झाले. संस्थानच्या शाळा सरकारी शाळा झाल्या. १९६० मध्ये गुजरात वेगळे झाल्यावर त्या तिकडे गेल्या. कवळाणे महाराष्ट्रात राहिले.

बडोद्याच्या मांडवी भागातली मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत अजून उभी आहे. ती १९३१ ची. पुस्तकांचे मजले लोखंडी सांगाड्यावर आहेत आणि मजल्यांच्या फरशा जाड काचेच्या. वरच्या खिडकीतून येणारा उजेड त्या काचेतून झिरपत खालच्या फडताळापर्यंत पोहोचतो, आणि दिवसा तिथे पुस्तक शोधायला दिवा लावावा लागत नाही.